मॅडम, तुमचा लेख गुऱ्हाळावर पोचला

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. पण आभार चारचौघांत मानायचे, असं आबांनी बजावलंय.

गेल्या हंगामात करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावर आबांनी हायड्रॉस बंद केलं. त्या पावडरीनं गूळ पिवळाधमक दिसतो, सौद्यात दर चढतो. पण तो रंग टिकत नाही आणि गंधक खाणाऱ्याच्या पोटात जातं. आजोबांच्या वेळी रानभेंडी ठेचून तिचं चिकट पाणी काहिलीत सोडत. रस तापला की तो चिकटा घाण धरून वर येतो, त्याची मळी होते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकतो. अडचण एकच होती. मार्चमध्ये ओली भेंडी आणायची कुठून? वाळवून भुकटी केली तर चालेल का, आणि किती घालायची? आमच्या गुळव्यामामांनाही सांगता येईना.

उत्तर तुमच्या संशोधनाच्या लेखात आहे, एवढं इंटरनेटवरच्या सारांशावरून कळत होतं. पुढं कुलूप. सुमारे चाळीस डॉलर, म्हणजे तीन हजारांवर रुपये, एका लेखाचे! संशोधनाची नियतकालिकं वाचायला देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी. चांगलंच झालं. पण ती सोय सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना, बी.एस्सी. करून गुऱ्हाळ बघणारी मुलगी तिच्यात बसत नाही. असे कुलूपबंद लेख फुकट देणाऱ्या साय-हब या संकेतस्थळावर तर परदेशी प्रकाशकांनी २०२० मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावलेला.

शेवटी लेखाखालच्या पत्त्यावर रात्री अकराला ईमेल केला. सकाळी चुलवाण पेटायच्या आत तुमचं उत्तर हजर. तो लेख, त्याआधीचे दोन, शिवाय छापताना गाळलेला सविस्तर तक्ता. खाली तुमचा फोन नंबर. ‘लेखकानं मागणाऱ्याला प्रत द्यायला बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते, निःसंकोच मागत जा,’ असं लिहिलंत. हे मला कॉलेजात कुणीच सांगितलं नव्हतं.

लेख लिहिणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला नियतकालिक सहसा काही देत नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. ते ऐकून आबा म्हणाले, “राबल्या मॅडम, वाचणार आपण, मग कुलूप कुणाचं?”

पहिल्या काहिलीत आम्ही भुकटी कोरडीच, तीही रस उकळल्यावर टाकली. गुठळ्या झाल्या, मळी नीट सुटेना. तुम्ही फोनवरच थांबलात. “आधी भिजवून, गाळून घ्या, रस कोमट असतानाच सोडा.” दुसऱ्या काहिलीला मळीचा असा जाड थर वर आला की गुळव्यामामा झारा हातात घेऊन नुसते बघत राहिले. गूळ तांबूस झाला. यार्डात दर थोडा कमी लागला, पण ओळखीची गिऱ्हाइकं घरी येऊन घेऊन गेली.

तुमचा तक्ता मी मराठीत लिहून काहिलीशेजारच्या भिंतीवर लावलाय. शेजारच्या दोन गुऱ्हाळांनी त्याचे फोटो नेलेत.

दिवाळीनंतर चुलवाण पुन्हा पेटेल. पहिल्या काहिलीतली एक ढेप तुमच्यासाठी बाजूला ठेवणार आहोत. तेवढा घरचा पत्ता कळवा.

तुमची,
गुऱ्हाळावरची लेक