ब्रिक्सच्या बैठकीत तेलाच्या डब्याचाही विषय निघू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिक्स (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका आणि नंतर आलेले सदस्य) या गटातील देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली की संयुक्त निवेदन निघाले की नाही, एवढ्यावरच तिचे यशापयश ठरवले जाते. एप्रिल २०२५ मध्ये रिओ दी जानिरोला ते निघाले नाही आणि यजमान ब्राझीलला अध्यक्षांच्या निवेदनावर वेळ निभावून न्यावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या विस्तारात आफ्रिकेतून कोणाचे नाव घ्यायचे यावर इजिप्त आणि इथिओपिया यांचे दक्षिण आफ्रिकेशी जमले नाही, असे वृत्तसंस्थांनी तेव्हा दिले होते. पाच देश होते तेव्हा सर्वसहमती साधणे जड जात होते. आता तर गट दुपटीने वाढला आहे. त्यामुळे एकमताचे निवेदन ही कसोटीच बदलायला हवी, असे मला वाटते.

न्हावा शेवा बंदरातील आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम मी करतो, म्हणून हा विषय मला दूरचा वाटत नाही. इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबवली तेव्हा वाशीच्या घाऊक बाजारात पंधरा किलोच्या डब्याचा सकाळचा भाव दुपारी सांगायला व्यापारी तयार नव्हते. बंदी महिन्याच्या आत उठली, पण तोवर वाण्याच्या दुकानातून ती घरोघरी पोहोचली होती. तोच इंडोनेशिया जानेवारी २०२५ पासून ब्रिक्सचा सदस्य आहे. निर्यात रोखण्यापूर्वी सदस्य देशांना ठरावीक मुदतीची सूचना द्यावी, एवढा साधा करार परराष्ट्रमंत्र्यांच्या टेबलावर यायला काय हरकत आहे? अर्थात तो आपल्यालाही बांधून घेईल. मे २०२२ मध्ये गहू आणि जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळ आपणही असाच अचानक रोखला होता, आणि आपल्या तांदळावर विसंबलेल्या आफ्रिकी देशांनी तो अनुभव घेतला आहे.

दुसरा विषय पैसे चुकते करण्याचा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापार रुपयांत करण्याची सोय केली. मात्र आपण रशियाकडून तेल भरमसाट घेतो आणि त्या मानाने विकतो फारच थोडे. परिणामी मे २०२३ मध्ये गोव्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लाव्हरोव्ह यांनीच सांगितले, की रशियाचे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. ब्रिक्सच्या सामाईक चलनाच्या चर्चेला (जिच्यावर डोनाल्ड ट्रम्प यांनी शंभर टक्के आयातशुल्काची धमकी दिली आणि जिच्यापासून भारताने स्वतःला दूरच ठेवले आहे) मी फारसे महत्त्व देत नाही. एका देशाचे साठलेले चलन दुसऱ्या सदस्य देशाकडच्या खरेदीला वापरता येईल का, हा प्रश्न त्याहून कितीतरी निकडीचा आहे. निर्यातदाराला चलन कोणते यापेक्षा रक्कम खात्यात कधी जमा होणार याची चिंता असते.

अशी कामे या गटाला जमत नाहीत, असेही नाही. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांचे चार परराष्ट्रमंत्री प्रथम एकत्र बसले आणि २०१४ च्या फोर्तालेझा परिषदेत ब्रिक्सच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचा करार झाला. पाचही संस्थापकांना समान भाग, नकाराधिकार कोणालाच नाही, अशी तिची रचना आहे आणि मुंबई मेट्रोच्या २ व ७ या मार्गिकांसाठी तिने २६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. घोडबंदरमार्गे दहिसरला जाऊन पुढे मेट्रो धरणाऱ्या ठाणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

२०२६ चे अध्यक्षपद भारताकडे आहे. कार्यक्रमपत्रिका ठरवण्यात यजमानाचा शब्द मोठा असतो, म्हणून निर्यातबंदीची पूर्वसूचना आणि साठलेल्या चलनाचा निपटारा हे दोन विषय तिच्यावर आहेत का, हे आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी परराष्ट्र मंत्रालयाला विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई