इंजिन खोलायच्या आधी

संगमनेर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या गाडीच्या इंजिनचा तू पाठवलेला आवाज हेडफोन लावून ऐकला. त्यात कोंबडा, शेजारची मोटर आणि वहिनींची हाक स्वच्छ ऐकू येते, इंजिनचं मात्र काही खरं नाही. मोबाईलच्या माइकमध्ये बारीक टकटक येते, खालचा जड ठोका जवळजवळ येतच नाही. आणि तुझा खर्च त्या ठोक्यावरच ठरणार आहे. फोनवर बोलायचं तर तू मध्येच हमालांशी भाव करायला लागतोस, म्हणून लिहून काढतोय.

गॅरेजवाला 'इंजिन खोलावं लागेल' म्हणाला. म्हणू दे. तू सांगितलेल्या एका गोष्टीकडे त्यानं लक्षच दिलं नाही: सकाळी थंड गाडीला आवाज जास्त, तापली की कमी, आणि पेंडीची पोती घेऊन माळशेज चढताना पुन्हा. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, किंवा त्याला पिस्टन जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असतं तर उलटं झालं असतं. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, प्रेशर उतरतं आणि ठोका वाढतो. तुझा कमी होतो. त्यामुळे मला तरी बेअरिंगची भीती कमी वाटते. तरीही सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक काढून ऑइल बघच. लेव्हल खाली असेल तर आधी ते भर, बाकी सगळं नंतर. आणि चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर घाट असो की वाशी मार्केटचं गेट, तिथेच बंद कर.

आता आवाज कुठून येतो ते शोध. लांब स्क्रू ड्रायव्हर घे, टोक इंजिनला टेकव आणि मूठ कानामागच्या हाडाला. वरचं टॅपेट कव्हर, अल्टरनेटर, वॉटर पंप, खाली ऑइलचं चेंबर, असं एकेक ऐकत जा. जिथे आवाज अंगावर येतो तिथलं झाकण सोडून दुसरीकडे हात घालू नकोस. गळ्यातला पंचा आधी काढून ठेव, पंखा चालू असतो.

पट्ट्याची शंका असेल तर इंजिन बंद करून पट्टा उतरव आणि मिनिटभराच्या आतच चालवून बघ. जास्त नको, वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, पंप, नाहीतर पट्टा ताणणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये. पुली हातानं फिरवली की खरखर बोटांना कळते. क्लच दाबल्यावर आवाज बदलत असेल तर तो इंजिनचा नाहीच: दाबल्यावर येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग, दाबल्यावर जात असेल तर गिअरबॉक्स.

टॅपेटची टकटक ओळखायला एक गोष्ट ध्यानात ठेव. टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणजे ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्या) रनिंगला एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो, बेअरिंगचा ठोका मात्र ८०० वेळा. मोबाईलवर स्लो करून ऐकलं तर फरक कळतो. अडचण एवढीच की एकाच सिलिंडरमधून गॅस फुटत असेल तर तोही ४००च्याच तालात 'चफ चफ' करतो.

आणि माझा संशय तिथेच आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या गाडीला हेच झालं होतं. केबिनमध्ये धुराचा वास, चढाला चकचक, आणि एका कारागिरानं सरळ बोअर-पिस्टन सांगितलं. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर डिझेल फवारणाऱ्या तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी काळा थर, काकवी आटून दगड व्हावी तसा. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर सुटला होता आणि जळता गॅस तिथून वर येत होता. तू असं कर: इंजिन थंड असताना इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोड आणि स्टार्टर मार. बुडबुडे आले तर चोर सापडला. नाही आले तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट बघ. जॉइंटवर काजळीचा पट्टा दिसेल. तीही थंडीत वाजते, धातू तापून फुगला की गप्प बसते.

जुने मिस्त्री इंजेक्टरचा पाइप ढिला करून सिलिंडर कट करायचे, म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून आवाज बदलतो का ते बघायचे. तुझी गाडी नव्या बीएस-६ प्रदूषण नियमाची, कॉमन रेल: सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून दाबाखाली डिझेल जातं. तिच्या पाइपात प्रेशर हजार बारच्या वर जातं, डिझेलची धार कातडीच्या आत शिरते. चालू इंजिनवर त्या नटांना पानासुद्धा लावू द्यायचा नाही, कोणी कितीही अनुभवी असो. सिलिंडर कट करायचाच तर गाडीला जोडायच्या स्कॅनरवरून.

वॉशरच निघाला तर जुना परत बसवू देऊ नकोस. नवा त्याच जाडीचा हवा, आणि बसायची जागा चकचकीत साफ झाली पाहिजे, नाहीतर महिन्याभरात पुन्हा गळेल. इंजेक्टर चिकटलेला असणार. हातोडीनं हलवला तर मोडेल, आणि मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. रात्रभर गंज सोडवायचं ऑइल मुरू दे, मग स्लाइड हॅमरनं (दांड्यावर वजन सरकवून झटके द्यायचं हत्यार) सरळ वर ओढायचा.

एवढं करून काहीच हाती लागलं नाही तर ऑइल चेंबर उतरवायला सांग. तळाशी चमकणारा चुरा दिसला तर गॅरेजवाल्याचं बरोबर, खोल म्हणावं, मी आडवा येणार नाही.

स्लाइड हॅमर माझ्याकडे आहे. रविवारी ओतूरचा बाजार आटोपला की कळव, घेऊन येतो. तोवर वाशीची खेप दुसऱ्याच्या गाडीवर टाक. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
शिवा