चष्मा सुटला, पण डोळा तोच

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमचे यजमान माटवीला कवंडळं बांधत होते. मधेच थांबून म्हणाले, "विजा चमकतत काय गो?" आभाळ तर मोकळं होतं. दोन दिवसांनी उजव्या डोळ्यापुढे चिलटांसारखे ठिपके आले आणि मग खालून काळोख वर सरकू लागला. मे महिन्यातच त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर लख्ख आली होती. म्हणून गौरी-गणपती जाऊ देत, मग दाखवू, असं आम्हीच ठरवलं. घाट चढून कोल्हापूरला पोचलो तेव्हा डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) मध्यभागासकट सुटला होता.

तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "पूर्वी चष्म्याचा नंबर किती होता?" उणे 12. ऑपरेशनच्या कार्डावर तो कुठेच लिहिलेला नव्हता.

मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, पडदा ताणून पातळ झालेला असतो. नवीन भिंग बसलं की नंबर जातो. लांबी तशीच राहते. मूळ भिंग काढल्यावर आतला जेलीसारखा भाग पडद्यापासून लवकर सुटू लागतो. सुटताना तो पातळ जागा ओढून फाडतो, फटीतून पाणी मागे शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसा पडदा निघून येतो. यजमान तेव्हा 52 वर्षांचे. साठीच्या आत ऑपरेशन झालेल्यांना, त्यातही पुरुषांना, हा धोका जास्त. ऑपरेशनच्या वेळी भिंगामागची पिशवी फाटली असेल किंवा दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधी सुटलेला असेल तरीही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कुणी घाबरू नये. शेकडा नव्व्याण्णव जणांना असं काही होत नाही. पण आपल्याकडे घरी सोडताना डोक्यावरून अंघोळ नको, धूर-धूळ नको, थेंब वेळेवर घाला, एवढंच सांगतात. कार्डावर जुना नंबर लिहा. पिशवी फाटली असेल तर तसं सांगा. आणि लखलख, नवे ठिपके किंवा पडद्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी या, हे घरच्यांच्या कानावर घाला, मग ऑपरेशनला वर्ष उलटलेलं का असेना.

यजमानांचा पडदा जागेवर बसला, पण त्या डोळ्याने आपल्या पेपरातले मथळे तेवढे वाचता येतात. आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरलाय. त्याच्या केसपेपरवर मी स्वतः पेनने लिहून ठेवलंय : उणे 11.

आपली,
एक वाचक, कुडाळ