बाबा ‘काही नाही झालं’ म्हणाले तरी

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला लागले की रडू येतं आणि सांगायचं तेच राहून जातं, म्हणून लिहितेय.

आई, आधी तुझ्याशी. मंगळवारी बाबा मधुमेहाची गोळी घेऊन न जेवताच आडवे झाले. तू कपाळाला हात लावलास तर ‘काही नाही झालं, सोड मला’ म्हणून खेकसले. तू अर्धा तास गप्प बसलीस. ‘मला वाटलं, चिडलेत,’ हे तू तेव्हापासून किती वेळा म्हणालीस! अगं, मेंदू रक्तातल्या साखरेवर चालतो आणि त्यांची शुगर ४६ वर उतरली होती. त्या वेळी माणसाला स्वतःचंच कळत नाही. तू कुठेही चुकली नाहीस. पण यापुढे त्यांना विचारत बसू नकोस. सदरा घामाने भिजलाय, बोलणं अडखळतंय, उगाच चिडचिड होतेय, असं दिसलं की शुगर तपासायचं मीटर लाव. आकडा ७० च्या खाली असला, किंवा मीटर हाताशी नसलं, तरी १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून दे. ते नसेल तर साखरेचे ३-४ चहाचे चमचे. १५ मिनिटांनी परत तपास. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच दे. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. शुगर वर आली की जेवायला वाढ.

शुद्ध हरपत असेल, गिळता येत नसेल, तर मात्र तोंडात थेंबही घालायचा नाही. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. कुशीवर वळव आणि आधी रुग्णवाहिका बोलाव. त्या दिवशी शेजारच्या काकांनी तुझा चमचा अडवला म्हणून तू रागावलीस, पण मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

बाबा, आता तुम्ही. ‘शुगर १४० झाली तरी हॉस्पिटलातून घरी सोडेनात’ ही तुमची तक्रार ऐकली. ग्लिमेपिराइडचा, म्हणजे तुमच्या शुगरच्या गोळीचा, अंमल दिवसभर राहतो, त्यात तुमचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं मंदावलेली, त्यामुळे ते औषध शरीरात आणखी रेंगाळणार. वर आलेली शुगर रात्री परत घसरू शकते, म्हणून ठेवून घेतलं. शिवाय तुमची रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर आहे. तिच्यामुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्या घामाला उकाडा म्हणू नका.

शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.४ टक्के आली, हे तुम्ही सगळ्यांना अभिमानाने सांगता. बाबा, मला त्या आकड्याची भीती वाटते. वय वाढलं, शुगर अशी उतरायला लागली, की डॉक्टर बहुधा ती थोडी वर राहू देतात. डोस कमी करायचा का, हे या खेपेला विचाराच, आणि मंगळवारचं काहीही लपवू नका. तोवर जेवण पुढ्यात आल्याशिवाय गोळी हातात घ्यायची नाही, एवढं माझ्यासाठी करा.

मी शनिवारी येतेय. ग्लुकोजचा एक डबा उशाशी ठेवू, एक तुमच्या फिरायच्या पिशवीत. आई, मीटरच्या पट्ट्या किती उरल्यात, मोजून सांग. येताना घेऊन येते.

तुमची,
लेक