मंत्रिमहोदय, स्टेडियमचं गटार आधी बघा

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीनिमित्त वॉशिंग्टनमध्ये. इथं बेसबॉल बघताना लोक भुईमुगाच्या शेंगा खातात आणि टरफलं पायाशीच टाकतात. टरफलं कुणी उचलायची, हा टिळकांच्या गोष्टीतला वाद इथं होत नाही. सामना संपला की स्टँड धुऊन काढतात.

हे धुण्याचं पाणी जातं कुठं? नॅशनल्स पार्क हे स्टेडियम ॲनाकोस्टिया नदीच्या काठावर आहे आणि नदी आपल्या मुठेसारखीच वर्षानुवर्षं घाण सोसत आलेली. म्हणून इथं धुण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी वेगळं ठेवतात, जाळ्यांमध्ये टरफलं अडवतात आणि पाणी गाळूनच पुढे सोडतात. २००८ साली सुरू झालेलं हे स्टेडियम 'लीड' हे हरित बांधकामाचं प्रमाणपत्र मिळवणारं अमेरिकेतलं पहिलं मोठं व्यावसायिक स्टेडियम. खाद्यपदार्थांच्या स्टॉलवरच्या छतावर ६,३०० चौरस फुटांची हिरवळही आहे. फोटो तिचेच निघतात, जाळ्यांचे कोण काढणार!

मेट्रोचं स्टेशन तर चालत दोन मिनिटांवर. पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमला एक्स्प्रेसवेच्या कडेला भरणारी गाड्यांची जत्रा आठवली की हे फार जाणवतं.

सगळंच आदर्श आहे असं नाही. बांधकामाला साठ कोटी डॉलरहून जास्त खर्च आला, तोही बहुतेक करदात्यांच्या खिशातून, आणि त्यावरून बरीच भांडणं झाली. पण पैसा शहराचा, मालकी शहराची, तर अटीही शहरानं घातल्या.

आपल्याकडे २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर गेले. खेळपट्टीला पाणी कुठलं, हा प्रश्न तेव्हा कोर्टात विचारावा लागला. तो निविदेतच विचारता आला असता.

तेव्हा विनंती एवढीच: यापुढे सरकारी जमीन किंवा पैसा घेणाऱ्या प्रत्येक स्टेडियमचा पाण्याचा हिशोब मंजुरीआधी लोकांसमोर ठेवा. मैदानाला प्रक्रिया केलेलं सांडपाणी किती, स्टँड धुतलेलं पाणी कोणत्या नाल्यात आणि जवळचं स्टेशन किती लांब. सौर पॅनेल नंतर बसवता येतात. गटार एकदा काँक्रीटखाली गेलं की गेलं.

कळावे,
वॉशिंग्टनमधला एक पुणेकर