प्रार्थना जमत नाही म्हणतोस म्हणून

शरणपूर, नाशिक
रविवार, रात्री

प्रिय रत्नाकर,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तीनच ओळी. 'देवळात जाणं बंद केलंय. गुडघे टेकले तरी तोंडातून शब्द फुटत नाही. आता तूही रागाव.' ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू गप्प बसला असतास आणि मी उगाच बोलत सुटलो असतो.

मी रागावणार नाही रे. पोरगा जाऊन वर्षही झालं नाही. शास्त्रातल्या ईयोबाची मुलंबाळं, सगळंच गेलं, तेव्हा त्याचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. जालन्याला येऊन तुझ्याजवळ नुसतं बसावं असं फार वाटतं, पण मंगळवार, गुरुवार, शनिवार हिचं डायलिसिस असतं, एक वार चुकवता येत नाही.

तसले मित्र आम्हालाही भेटले. गेल्या वर्षी एका प्रार्थनासभेत एकाने हिला तोंडावर सांगितलं, 'ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय, नाहीतर प्रभूने आतापर्यंत बरं केलं असतं.' ही तिथे काही बोलली नाही. घरी येऊन भांडी घासता घासता रडली. प्रेषित पौलाने अंगातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. मग पौलाचा विश्वास कमी होता का? हे मला तिथल्या तिथे सुचलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे. तुला कुणी असं काही ऐकवलं असेल तर ते देवाचं बोलणं समजू नकोस.

आता माझं सांगतो, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. डायलिसिससाठी हिच्या डाव्या हातात फिस्टुला केलाय, म्हणजे मनगटाजवळ धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्यात. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, त्यावर ओझं घ्यायचं नाही. आणि रोज बोटं ठेवून बघायचं, आत घरघर लागते का. थांबली तर तसंच उठून हॉस्पिटल गाठायचं. मांजर कुशीत झोपल्यावर घुरघुरतं ना, अगदी तसं लागतं बोटांना. सुरुवातीचे पाच-सहा महिने माझीही प्रार्थना बंद होती, रत्नाकर. चार-चार तास त्या मशीनशेजारी बसून यायचो, दिवसाचं पाणी बाटलीने मोजून द्यायचो, तहानेने तिची जीभ कोरडी पडलेली बघायचो. रात्री पवित्र शास्त्र उघडायचो आणि मिटायचो. मग दिवा घालवण्याआधी तिच्या मनगटावर बोटं ठेवायचो आणि म्हणायचो, 'आहे.' एकदा ती अंधारात म्हणाली, 'आमेन.' तेव्हापासून आमची रात्रीची प्रार्थना तेवढीच झाली. मी 'आहे' म्हणतो, ती 'आमेन' म्हणते. पुढे हळूहळू शब्द आले, पण बरेच दिवस एवढ्यावरच निभावलं. पाळकसाहेबांना ही प्रार्थना वाटेल की नाही, कोण जाणे. मला वाटते.

तू म्हणशील, माझ्याकडे 'आहे' म्हणण्यासारखं काय उरलंय? मान्य. म्हणूनच तुला स्तोत्र ८८ काढायला सांगतो. आपण ते देवळात फारसं वाचत नाही. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी कुठेतरी सावरतात, उपकारस्तुतीवर येतात. हे सावरत नाही. अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. आणि तो माणूस एवढं सगळं बोलतो ते परमेश्वरालाच. सोडून गेलेला माणूस असं भांडत नाही. तुझ्या तीन ओळी वाचून मला हेच वाटलं, की तू अजून दारातच उभा आहेस, पाठ फिरवून का होईना.

परवा संध्याकाळी शरणपूर रोडने चालत येताना जेकब वेनराइट आठवला. शाळेत असताना गुरुजींनी गोष्ट सांगितली होती, तुझ्या लक्षात आहे? गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची मुलं इथे शरणपूरला मिशनमध्ये ठेवली होती, त्यातला तो. घर गेलं, आईबाप गेले, नावसुद्धा परक्यांनी दिलेलं. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत चितांबोच्या गावी वारले, तेव्हा हा तिथे होता. त्यांचं हृदय तिथेच पुरलं, तेव्हा त्याने दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडावर त्यांचं नाव कोरलं, आणि मग सगळ्यांनी मिळून ते शव समुद्रापर्यंत वाहून नेलं. दीड हजार किलोमीटरच्या वर वाट. कितीतरी महिने, ताप, वाटेत माणसं मेली. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला दफन झालं तेव्हाही तो खांदेकऱ्यांत होता. लहानपणी मला तो शूर वाटायचा. आता मनात येतं, रोज सकाळी उठून ते ओझं पुन्हा खांद्यावर घेताना त्याला काय वाटत असेल? रोज काही त्याचा विश्वास भरून वाहत नसेल. पण एकटा नव्हता तो. एक थकला की दुसऱ्याचा खांदा होता.

मार्काच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून बाजेसकट प्रभूपुढे खाली सोडलं. तिथे काय लिहिलंय ते नीट बघ. प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक अक्षर नाही. तो काही बोलल्याचंही लिहिलेलं नाही. तेव्हा तू सध्या बाजेवर पडून राहा, बाबा. प्रार्थना करू नकोस, जमत नाही तर नको. एक कोपरा मी धरलाय. एक हिने. बुधवारच्या घरगुती प्रार्थनेत तुझं नाव कारण न सांगता घेतोय, आणि त्या पांढऱ्या केसांच्या मावशी, ज्यांना तू 'ढोलकीवाल्या मावशी' म्हणायचास, त्या घरी रोज पहाटे घेतात. आज देवळातून निघताना त्यांनी विचारलं, 'त्या पोराचं कसं आहे?' तू साठीला आलास तरी त्यांना पोरच आहेस.

जमेल तेव्हा दोन-चार दिवस ये. सोमवार-बुधवार मी मोकळा असतो. रविवारी देवळात चल म्हणून हट्ट करणार नाही. तू घरी थांबलास तर हिला सोबत होईल. ही सांगतेय, 'भाऊजींना लिहा, माझ्यासाठी बटाटे पाण्यात भिजवून, उकळून, पाणी ओतून टाकतात, त्याला काही चव राहत नाही. त्यांच्यासाठी वेगळी रस्साभाजी करीन, आणि मला वासावर भागवू द्या.'

गाडीची वेळ कळव. स्टेशनवर येतो.

तुझा,
विजू