ओशीन

सुमे,

अनू सुटली. मुलगा झाला. दोघंही सुखरूप, माझे गुडघे आहेत तसेच. आता जे फक्त तुलाच कळेल ते लिहिते.

नाव ओशीन ठरलंय. आयरिश भाषेत 'ओस' म्हणजे हरीण. लाडाचा 'ईन' लागला की झालं पाडस. स्पेलिंग बघशील तर 'ओइसिन' वाचशील, पण शेजारी इ आली की तिथे स चा श होतो. नलूमावशी काय वाचेल, देव जाणे!

गोष्ट जावयाच्या आजीनं सांगितली. फिन मॅक कूल हा लढवय्यांचा नायक. त्याच्या बायकोला, साइव्हला, एका मांत्रिकानं हरिणी करून पळवलं. फिन सात वर्षं तिला शोधत हिंडला. शेवटी स्लायगोतल्या बेन बल्बन डोंगरावर त्याच्या दोन लाडक्या कुत्र्यांनी एका उघड्या पोराला कडं केलं आणि बाकीच्या कुत्र्यांना जवळ येऊ दिलं नाही. तोच ओशीन. आईनं एकदा कपाळ चाटलं, म्हणून तिथे हरणाची लव आली, असंही सांगतात. मला ऋष्यशृंगच आठवला! तोही हरिणीच्याच पोटचा, आणि त्याच्या कपाळी तर शिंग.

इथवर मी खूश होते. पण पुढे नीव्ह नावाची राजकन्या पांढऱ्या घोड्यावरून येऊन ओशीनला समुद्रापार, कधीच म्हातारं न होणाऱ्या देशात नेते. त्याला वाटतं तीनच वर्षं झाली. इकडे तीनशे सरलेली. घरची ओढ लागते तेव्हा ती घोडा देते, पण बजावते, जमिनीला पाय लावू नकोस. येऊन बघतो तर बाप नाही, सोबती नाहीत, वाड्याच्या जागी रान. ग्लेनास्मोलच्या खोऱ्यात माणसांना धोंडा हलवायला मदत करावी म्हणून वाकतो, खोगिराचा पट्टा तुटतो, खाली पडतो आणि क्षणात जख्ख म्हातारा होतो.

सुमे, ते खोरं आमच्या घरापासून जवळ आहे. तिथल्या तलावाकाठी आम्ही फिरायला जातो.

मी निघाले तेव्हा दादरला तू काय म्हणालीस? "गेलेली माणसं येतात ती पाहुणी म्हणून." त्यावरून आपण वर्षभर बोललो नव्हतो. मागच्या खेपेला आईच्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या वॉचमननं मला विचारलं, "कोणाकडे जायचंय?" आणि आता नातवाला हेच नाव! अनूला हे सांगवत नाही. ती इतकी आनंदात आहे.

आजीला मात्र विचारलं. 1845 नंतरच्या दुष्काळात या आयर्लंडातली दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच बोटीनं निघून गेली. तरी हे नाव ठेवतात? ती म्हणाली, ओशीन पडला तरी लगेच मेला नाही. इथे ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकपुढे बसून त्यानं बापाच्या साऱ्या गोष्टी सांगितल्या, वर भांडलाही, की तुझ्या घंटेपेक्षा आमच्या रानातला पक्षी गोड गातो. तो परत आला म्हणून त्या गोष्टी उरल्या.

हे ऐकून बरं वाटलं, पण भीती पुरती गेलेली नाही. तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही. भांडायचं असेल तर भांड.

राजूच्या बदलीचं काय झालं? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना?

बारसं आम्ही इथेच करणार. 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणायला माझ्यासोबत आजी आहे, तिला शिकवलंय. पाळणा मात्र तूच रच. ओशीन हे नाव चालीत बसव, आणि त्यात हरिणी आई आलीच पाहिजे. पुढच्या रविवारच्या आत पाठव.

तुझी,
शालू